त्यांचं गाव आणि माझी खोली

थंड हवेच्या गावाचं कुणी कौतुक करायला लागलं की मी उठून चहाचे कप गोळा करते. सिनेमात नायिका पातळ साडी नेसून बर्फात लोळते आणि आमच्या इमारतीतल्या बायका "जन्मात एकदा तरी जायचं" म्हणून उसासे टाकतात. मी जाऊन आले आहे. विमानाने, मग आगगाडीने, मग पोस्टाच्या पिवळ्या बसने. एक अख्खा उन्हाळा राहिले. पुन्हा कुणी फुकट नेलं तरी जायची नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं, ऐंशी साल लागायचं होतं, त्या सुमाराची गोष्ट. मी बहारीनला माहूज नावाच्या वस्तीत एका गोऱ्या जोडप्याच्या घरी कामाला होते. साहेब सित्र्याच्या बाजूला एका कारखान्यात इंजिनियर. मॅडम घरात. त्यांची रांगती मुलगी मी सांभाळायची, शिवाय स्वयंपाक, कपडे, फरशी. मॅडम स्वित्झर्लंडातल्या एका नदीकाठच्या खेड्यातली. शाळेत चौथीपर्यंत मी भूगोल शिकले, त्यात हा देश नव्हता, पण मॅडमने तो मला घोकून घोकून पाठ करवला. दिवाणखान्यात त्या गावाचा दाराएवढा फोटो लावला होता. मागे डोंगर, डोंगरावर बर्फ, खाली नदी, नदीवर छप्पर असलेला लाकडी पूल. पाहुणे यायचे, हातात पेला घेऊन फोटोसमोर उभे राहायचे आणि देवळात आल्यासारखे गप्प व्हायचे.

"तिथली हवा नुसती प्यावी," मॅडम म्हणायची.

मी ताटली घेऊन मागून जायची आणि मनात म्हणायची, हवा पिऊन पोट भरत असतं तर ही माणसं इथे वाळवंटात पगार खायला कशाला आली असती?

मॅडमचं दुसरं आवडतं बोलणं म्हणजे बहारीनला नावं ठेवणं. उकाडा, धूळ, माश्या, आणि सगळ्यात जास्त 'इंशाल्ला'. न्हाणीघराचा नळ गळायचा. दुरुस्तीवाल्याला विचारलं, उद्या येणार का, की तो छातीवर हात ठेवून म्हणायचा, "इंशाल्ला, मॅडम." आणि यायचा नाही. मॅडम पाहुण्यांना सांगून हसायची, की या देशात देवाचं नाव घेऊन थाप मारतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्याकडे मुलगी बघायला आलेले लोक पोहे खाऊन "कळवतो" म्हणाले की मुलीच्या बापाने निमूट दुसरं स्थळ शोधायचं असतं. तोंडावर नाही म्हणायचं नसतं, एवढंच. बहारीनमध्ये राहणाऱ्या कुठल्याही माणसाला चार महिन्यांत कळतं की खांदे उडवून म्हटलेला इंशाल्ला म्हणजे 'नाही'.

आता माझ्या खोलीबद्दल सांगते, कारण सगळी भानगड तिच्यावरूनच झाली. माझा नवरा लग्नानंतर दोन महिन्यांत बहारीनला गेला. कंपनीची बस चालवायचा, कामगारांना सित्र्याला नेऊन सोडायचा आणि आणायचा. राहायला कॅम्पात, एकावर एक पलंग. मी रत्नागिरीकडे सासरी. वर्षादीडवर्षाने महिनाभर यायचा, पेटी उघडायचा, सगळ्यांना साबणाच्या वड्या वाटायचा आणि जायचा. मूलबाळ झालं नाही. कारण विचारणाऱ्या बायकांना मी सांगायची, नवरा समुद्रापलीकडे, मूल काय टपालाने येणार? शेवटी त्यानेच साहेबांना गाठून मला कामवालीच्या व्हिसावर आणलं आणि मनामाच्या जुन्या बाजारामागे एका अरबी घराच्या गच्चीवर आम्ही खोली घेतली. एक खिडकी, एक स्टोव्ह, एक दोरी कपड्यांना. नवरा काही रत्न नव्हता. पण पस्तिशीला आल्यावर पहिल्यांदा मला आतून कडी लावता येईल असं दार मिळालं होतं. ते मी सोडणार नव्हते.

त्या उन्हाळ्यात मॅडमची आई घसरून पडली आणि तिचा पाय मोडला. मॅडम निघाली. लेकरू कुणी बघायचं, म्हणून मलाही न्यायचं ठरलं.

"जा गो," नवरा म्हणाला. "फुकटात परदेश बघून ये."

"मी परदेशातच आहे की."

"तसा नव्हे. खरा परदेश."

खरा परदेश बघितला. बस थांबली तेव्हा पहिला आला तो शेणाचा वास. मला वाटलं चुकून दुसरीकडे उतरलो. पण नाही, तेच गाव. खाली गोठा, वर माणसं, भिंती उन्हाने काळ्या पडलेल्या लाकडाच्या, आणि खिडक्यांत लाल फुलांच्या कुंड्या, म्हणजे येणाऱ्याने फुलंच बघावीत. घरासमोर उकिरडा, आणि त्या उकिरड्याच्या कडेला गवताच्या काड्यांची वेणी घातलेली, पोरीच्या केसांना घालतात तशी. गाडगी भरभरून पातळ शेण कुरणावर ओतायचे आणि त्याच कुरणावर टेबल मांडून जेवायचे. मला शेणाचं वावडं नाही, मी शेणाने सारवलेल्या घरात वाढले. पण बहारीनमध्ये आमच्या सुक्या बोंबलाचा वास आला की मॅडम नाकाला रुमाल लावायची. त्या रुमालाचं गावात काय झालं होतं, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

नदी फोटोत निळी होती. खरी नदी तांदळाच्या धुवणासारखी, राखाडी, गढूळ. बर्फ वितळून येतो म्हणे, खडक घासत. पाण्यात पाय घातला तर हाडापर्यंत कळ गेली. जिच्यात अंघोळ करता येत नाही, कपडे धुता येत नाहीत, म्हैस डुंबत नाही, तिला नदी म्हणायचं कशाला? तिच्यातला मासा एकदा जेवायला केला. लोणी घालून, वर बदाम पेरून. कोकम नाही, तिखट नाही. चव भिजवलेल्या कापसाची. सगळे डोळे मिटून खात होते. मी डोळे उघडे ठेवून खाल्ला. काट्यांची भीती होती, आणि दुसरं डोळे मिटण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाकी रोज उकडलेला बटाटा आणि चीज. त्या चीजचा वास तान्ह्या मुलाने ओकल्यावर येतो तसा. चर्चची घंटा पावपाव तासाला वाजायची, जणू गावात कुणाला कुठे जायची घाई होती. डोंगर चहूकडून इतके जवळ, की मान वर करून आभाळ शोधावं लागे. मॅडम मला पुलावर उभं करून फोटो काढायची, साडीचा पदर वाऱ्यावर उडत असताना. गावातल्या बायका माझ्या कपाळाच्या कुंकवाला बोट लावून बघायच्या, रंग निघतो का. निघायचा.

म्हातारी मात्र बरी होती. बरी म्हणजे प्रेमळ नव्हे. पाय लाकडी बाकावर टाकून बसायची आणि काठीने सगळ्यांना हुकूम सोडायची. माझी तिची भाषा एक नाही, पण मॅडम बोलायला लागली की आम्ही दोघी एकाच वेळी दुसरीकडे बघायचो. एके सकाळी तिने मला अंगणात बोलावलं, काठीने दक्षिणेकडचा डोंगर दाखवला, मग सूर्य दाखवला, आणि काठी हळूहळू त्या डोंगराच्या मागे नेली. मग दोन्ही हातांनी डोळे झाकले. मी मॅडमला विचारलं, काय म्हणते?

"काही नाही," मॅडम म्हणाली. "हिवाळ्यात सूर्य जरा खालून जातो. डोंगराआड."

"म्हणजे दिसत नाही?"

"काही आठवडे. नाताळच्या आधीपासून थोडे पुढेपर्यंत. पण बर्फ किती पांढरा असतो!"

गावावर सूर्यच उगवत नाही, हे माहूजच्या दिवाणखान्यात इतक्या दिवसांत एकदाही सांगितलं नव्हतं.

हे मला का कळायला हवं होतं, ते त्याच आठवड्यात समजलं. मी कपड्यांना इस्त्री करत होते. मॅडम आली, लेकराला कडेवर घेतलं, म्हणजे काहीतरी मागायचं होतं.

"आईचा पाय हिवाळ्यापर्यंत बरा व्हायचा नाही," ती म्हणाली. "तू तिच्याजवळ राहशील का? आम्ही वसंतात परत येऊच. तिला तू आवडतेस."

माझ्या हातातली इस्त्री तशीच राहिली. बहारीनबाहेर इतके महिने राहिलं की व्हिसा जातो, हे कुठल्याही कामवालीला झोपेतही माहीत असतं. व्हिसा गेला की खोली गेली. पण माझा पासपोर्ट मॅडमच्या पेटीत, आणि अन्न तिच्या घरचं. तोंडावर नाही म्हणणं शहाणपणाचं नव्हतं. मी खांदे उडवले आणि म्हटलं,

"इंशाल्ला, मॅडम."

मिटलं, असं मला वाटलं. ती खाली गेली आणि आईला काहीतरी सांगितलं. म्हातारीने कपाळाला, छातीला आणि खांद्यांना बोटं लावून देवाची खूण केली. मला वाटलं, ही बया आपल्या स्वयंपाकघरात राहणार नाही म्हणून देवाचे आभार मानते आहे. मीही तिच्या जागी तेच केलं असतं.

त्यानंतर गावातले लोक एकेक करून काही ना काही घेऊन यायला लागले. शिक्षकाच्या बायकोने लोकरीचे जाडे मोजे दिले. खालच्या आळीतल्या एका शेतकऱ्याने कानटोपी. कुणी कापराच्या वासाचा कोट दिला, त्यात दोन माणसं मावतील एवढा. समोरच्या घरची उंच बाई, दुधाच्या बरण्या दोन्ही हातांत घेऊन चढ चढणारी, तिने दारातच बूट ठेवले, म्हातारीकडे बघितलं नाही आणि निघून गेली. त्या दोन घरांचं उकिरड्याच्या हद्दीवरून कधीचं भांडण होतं. मी सगळं हसून घेतलं. पाहुणी परत जाताना खणनारळ देतात तशी यांची रीत असेल, असं समजले. मनात म्हटलं, काय अक्कल आहे बघा. बहारीनला जाणाऱ्या बाईला कानटोपी! पण लोकर चांगली होती. उसवून दुसरं काही विणता येईल, म्हणून सगळं माझ्या बोचक्यात बांधलं.

साहेब न्यायला आले. निघायच्या आदल्या दिवशी मॅडमच्या पेट्या बैठकीत मांडलेल्या. मी माझं बोचकं त्यांच्याशेजारी आणून ठेवलं.

"हे कशाला खाली आणलंस?" मॅडमने विचारलं.

"उद्या घाई नको."

"तुला इथेच राहायचं आहे ना."

"कुणी सांगितलं?"

"तूच! तू इंशाल्ला म्हणालीस."

"म्हणाले. इंशाल्ला म्हणजे नाही."

"इंशाल्ला म्हणजे देवाची इच्छा असेल तर!"

"मॅडम, तुमचा नळवाला गेल्या वर्षी इंशाल्ला म्हणून गेला. तो आला का?"

साहेब वर्तमानपत्रामागे हसले. मॅडमने त्यांच्याकडे असं बघितलं की पत्र आणखी वर गेलं. बहारीनमध्ये जो शब्द थाप होता, तोच माझ्या तोंडून तिच्या गावात, तिच्या चर्चच्या घंटेखाली निघाला तर नवस झाला होता. सगळ्या गावाला तिने सांगून टाकलं होतं की एक देवभोळी बाई माझ्या आईसाठी राहते आहे.

"मग माझ्या आईकडे कोण बघणार?" तिने विचारलं.

"तुम्ही. आई तुमची आहे."

"माझं तिकडे घर आहे."

"माझंही तिकडे घर आहे."

"तुझी तर एक खोली आहे!"

"आमच्यात तिलाच घर म्हणतात."

मग तिने शेवटचा पत्ता टाकला. "तुझ्या नवऱ्याला आम्ही आधीच विचारलं होतं. जास्त पगार देऊ म्हटलं होतं."

"तो काय म्हणाला?"

"तोही इंशाल्ला म्हणाला," साहेब पत्रामागून म्हणाले.

मला एवढं हायसं वाटलं की मी हसलेच. "बघा. दोघंही नाहीच म्हणालो."

म्हातारीने काठी आपटली. काय चाललंय, ते तिला सांगावं लागलं. मग तिने मलाच समोर बोलावलं आणि बोट आधी माझ्याकडे, मग जमिनीकडे केलं. राहणार का? या वेळी मी देवाला मध्ये घेतलं नाही. हात झटकून म्हटलं, "मफी." बहारीनमध्ये दुकानात माल नसला की हाच शब्द वापरतात. तिला अरबी येत नव्हतं, पण समजलं. रडली नाही, विनवलं नाही. माझ्या बोचक्यावर काठी ठेवली, मग दाराकडे केली, आणि लेकीला दोन वाक्यं सुनावली.

"ती म्हणते, ज्याचं त्याला देऊन ये," साहेबांनी सांगितलं. "स्वतःच्या हाताने. गावाला कळू दे, कोण राहतं आणि कोण नाही."

तर मी त्या सुंदर गावात दारोदार मोजे परत करत हिंडले. शिक्षकाच्या बायकोने ओठ मुडपले. शेतकऱ्याने टोपी घेऊन तिथेच स्वतःच्या डोक्यात घातली. कोटवाल्याने दार अर्धंच उघडलं. प्रत्येकाला मी "मफी" म्हणत होते आणि प्रत्येकाला कळत होतं. जाताना हात हलवणारी माणसं येताना पाठ करून उभी. खिडक्यांतली फुलं मात्र तशीच हसत होती. फुलांना काय, ती पगारी.

बूट शेवटी राहिले. समोरच्या उंच बाईने ते घेतले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "मफी?"

"मफी," मी म्हटलं.

ती मोठ्याने हसली, अंगणातली बादली पायाने बाजूला सारली आणि माझ्यामागोमाग मॅडमच्या घरात शिरली. म्हातारी आणि ती एकदम ओरडायला लागल्या. मला वाटलं आता काठी पडते. साहेब अर्धंमुर्धं मला सांगत होते.

"ती म्हणते, हे काम मी करते असं उन्हाळ्यातच सांगितलं होतं. पण हिला मी महाग वाटले."

मॅडम खिडकीबाहेर नदी बघत होती. कान लाल झाले होते.

"आणि म्हातारी काय म्हणते?"

"हिच्या हातचं सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी."

"मग?"

"मग काही नाही. सोमवारपासून येणार आहे."

साहेबांनी माझं तिकीट खिशातून काढून दाखवलं. त्यांनी ते आधीच घेऊन ठेवलं होतं की नाही, मी विचारलं नाही. घेतलं ते काही माझ्यावर उपकार म्हणून नव्हे. बहारीनला लेकरासाठी नवी बाई, नवा व्हिसा, कोण करत बसणार? निघताना म्हातारीने मान हलवली, मी हलवली. एवढंच. तिला भांडायला माणूस मिळालं होतं, ते माझ्यापेक्षा तिच्या उपयोगाचं.

बहारीनला विमानाचं दार उघडलं आणि उकाड्याने तोंड भाजलं. इतकं बरं मला त्या हवा पिण्याच्या गावात एकदाही वाटलं नाही. साहेबांच्या गाडीने माहूजला गेले, लेकराला झोपवलं आणि टॅक्सीने बाजारात उतरून गच्चीचा जिना चढले. ऊन कलायला लागलं होतं.

खोलीचं दार उघडंच होतं. माझ्या दोरीवर दोन परक्या लुंग्या. माझ्या स्टोव्हवर करपलेला टोप. खाली दोन गाद्या आणि त्यांवर नवऱ्याच्या वाडीतले दोघे, एक पत्ते पिसत होता, एक पाय खाजवत होता. दोघेही ताडकन उठले.

"वहिनी! तुम्ही कशा?"

"चालत. तुम्ही कसे?"

"दादा म्हणाले, तुम्ही आता पुढच्या वर्षीच."

मी पिशवी खाली ठेवली आणि उंबऱ्यात बसले. नवरा ड्यूटी संपवून आला, बसच्या किल्ल्या बोटात फिरवत, काहीतरी गुणगुणत. मला बघून किल्ल्या थांबल्या.

"अगं, आलीस?"

"साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं?"

"विचारलं होतं खरं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी आपलं म्हटलं, इंशाल्ला."

"कुठला?"

तो बुटांकडे बघायला लागला. ते दोघे भिंतीकडे. मग म्हणाला, "पगार वाढवून देणार होते गो. आणि ह्यांना कॅम्पात जागा नव्हती. मला वाटलं, तुला थंड हवा मानवेल."

ज्या शब्दावरून मी मॅडमला एवढं शिकवलं होतं, तो घरच्या माणसाने कुठल्या अर्थाने म्हटला, ते मला तिथे कळलं नव्हतं. मॅडमला निदान स्वतःची आई होती, तिच्या आजारपणाची नड होती. याला काय होतं? दोन गादीवाले.

"यल्ला, चला, उठा," मी त्या दोघांना म्हटलं.

"वहिनी, आज रात्रीपुरतं तरी..."

"मफी."

"अगं, वाडीतली पोरं आहेत," नवरा म्हणाला. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, बायकोने बाहेर काढलं. खरं तेच म्हणतील."

त्यांनी गाद्या गुंडाळल्या. नवऱ्याने एक गादी खांद्यावर घेतली आणि जिन्यात वळून विचारलं, "पोचवून येऊ ना?" म्हणजे परत येऊ का, असं विचारत होता.

"या. येताना मासळी आणा. टोप मी घासत नाही, तो तुम्ही घासायचा."

मी पाणी टाकून फरशी धुतली, दार लावलं आणि कडी घातली. त्याने वाजवल्यावर जरा वेळाने काढली. त्याने टोप घासला. मासळी आम्ही न बोलता खाल्ली, आणि शुक्रवारच्या सुट्टीपर्यंत बोललो नाही. त्या खोलीत आम्ही पुढे बरीच वर्षं काढली. तिथे तिसरं माणूस कधी झोपलं नाही. नवऱ्याचा सख्खा भाऊ नोकरीला आला, तेव्हा त्यालाही जेवायला घातलं आणि झोपायला कॅम्पात धाडलं. तो अजून चारचौघांत ते बोलून दाखवतो. बोलू दे.